पॅडेल : नेटवर उभं राहून बचाव कसा करता?

मांडवीपल्याड

मंडळी, क्रिकेटवर इथे रोज भांडणं होतात, फुटबॉलवर तर मडगावची मंडळी झोपेतही बोलतील, पण पॅडेलवर एक धागा दिसत नाही म्हणून हा काढतोय. बार्देशात आणि पेडण्याच्या किनारपट्टीला कोर्टं झाल्यापासून आमचा आख्खा बॅडमिंटनचा ग्रुप तिकडे सरकलाय, संध्याकाळच्या स्लॉटसाठी मारामारी असते.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. २० मीटर लांब नि १० मीटर रुंद कोर्ट, मागे काच, बाजूला थोडी काच आणि बाकी लोखंडी जाळी, कायम चौघं खेळतात, सर्व्हिस कमरेच्या खालून, गुण टेनिसचेच. चेंडू जमिनीवर एक टप्पा पडून मग काचेला लागला तर खेळ चालूच राहतो, तीच सगळी गंमत. १९६९ साली मेक्सिकोत आकापुल्कोला एनरिके कोर्कुएरा यांनी घराच्या आवारात हे सुरू केलं, पुढे १९७४ च्या सुमारास स्पेनमधे मार्बेयाला गेलं आणि तिथून पसरलं. असो, इतिहास पुरे.

मुद्दा असा आहे की बाहेरून बघणाऱ्याला वाटतं नेटवर गेलेली जोडी म्हणजे मारणारी आणि काचेपाशी अडकलेली म्हणजे वाचवणारी. मला ते पटत नाही. नेटवरच्या जोडीला बचाव जास्त करावा लागतो, कारण मागचे दोघं सारखे तिला तिथून हुसकायला बघत असतात, एकदा पायाशी, एकदा डोक्यावरून, एकदा सरळ अंगावर. नेटवरची जागा म्हणजे कदंबा बसमधली खिडकीची सीट, उठलात की गेली. त्यामुळे तिथे उभं असताना बहुतेक चेंडू हे जागा राखण्यासाठीच असतात, पॉइंट त्यातून आपोआप पडतो.

आमच्याकडे काय होतं, जो तो नेटवर पोचला की हात मोकळा सोडतो. जोरात हाणलेली व्हॉली (टप्पा पडायच्या आधी हवेतच मारलेला चेंडू) मागच्या काचेवर आदळून दोन-तीन मीटर परत बाहेर येते, तीही कमरेच्या उंचीला, मग समोरचा निवांत पाय रोवून तुमच्या छातीवर मारतो. तोच चेंडू हळू, थोडा कापून, खोल टाकला तर सर्व्हिस लाइनच्या मागे पडतो (लाइन नेटपासून ६.९५ मीटरवर, तिथून काच ३.०५ मीटर), काचेला जेमतेम टेकतो आणि खालीच बसतो. त्याला उचलायचा तर गुडघे टेकावे लागतात.

तर प्रश्न हे की तुम्ही नेटपासून किती लांब उभे राहता, पायाशी आलेल्या चेंडूचं काय करता, अंगावर आलेल्याचं काय करता आणि लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच टाकलेला चेंडू, आला की मागे कोण पळतं? आमच्यात शेवटच्या प्रश्नावरून बोलाचाली बंद व्हायची पाळी आलीय.


उगाच_आलो

लॉब आला की आमच्यात दोघंही एकमेकांकडे बघतात आणि चेंडू मधे पडतो. ही पण एक टेक्निक आहे.


शटलवाला

धागा चांगला पण मूळ मुद्द्याला माझा विरोध. हे सगळं हळू टाका, खोल टाका वगैरे टीव्हीवरच्या लोकांसाठी ठीक आहे, आपल्या लेव्हलला समोरच्याला काचेतून परत आलेला चेंडू घेताच येत नाही, अर्ध्या वेळा तो काचेकडे बघत गोल फिरतो आणि रॅकेट हवेत, मग मी का म्हणून हळू टाकू, दिला दणका आणि संपवला पॉइंट. फोंड्यात आमचे बॅडमिंटनवाले सगळे असेच खेळतात आणि जिंकतात पण. नेटवर बचाव करत बसलं तर नेटवर गेलोच कशाला.


काचेमागची

शटलवाला, तुमचं खरं आहे, पण फक्त समोरच्याला काच कळत नाही तोवर. काच कळायला कोणाला फार वेळ लागत नाही हो, सहा महिने नियमित खेळणारा माणूस जोरातली व्हॉली आवडीने घेतो, कारण त्याला स्वतःला जोर लावावाच लागत नाही, काचच चेंडू आणून देते. मग तुमच्याकडे दुसरं काही शिल्लक नसतं.

मांडवीपल्याड, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. नवीन लोक नेटला नाक लावून उभे राहतात. तिथून खालचा चेंडू मस्त मारता येतो हे कबूल पण साधा लॉबसुद्धा डोक्यावरून जातो. माझी मुक्कामाची जागा नेटपासून अडीच ते तीन मीटर, म्हणजे नेट आणि सर्व्हिस लाइन यांच्या मध्यापेक्षा थोडी पुढे. पण ही जागा खिळा ठोकलेली नाही, ती समोरच्याच्या अवस्थेवर हलते. समोरचा वाकलाय, चेंडू त्याच्या घोट्याशी आहे, काचेत अडकलाय, तर मी एक पाऊल पुढे, कारण तिथून तो जोरात मारूच शकत नाही, आणि हळू येणारा चेंडू मला नेटच्या वर असतानाच घ्यायचाय. चेंडू काचेवरून उंच बाहेर आलाय आणि तो पाय रोवून, खांदा वळवून उभा आहे, तर मी एक पाऊल मागे, गुडघ्यात वाकून. आणि त्याची रॅकेट चेंडूला लागते त्या क्षणी मी चालत नसते. छोटी उडी, दोन्ही पाय जमिनीवर, मग जिकडे जायचं तिकडे. ही स्प्लिट स्टेप टेनिसवाल्यांना माहीत असते, बाकीचे सगळे चालता चालता व्हॉली मारतात आणि मग म्हणतात रिफ्लेक्स कमी पडतात.

आता ब्लॉक, म्हणजे चेंडू नुसता अडवणं. जोरात आलेल्या चेंडूला जोराची गरज नाही. रॅकेट छातीसमोर, तिचं टोक मनगटाच्या वर, कोपरं बरगड्यांच्या पुढे, ग्रिप कॉन्टिनेंटल म्हणजे हातोडी धरतो तशी, आणि मागे काहीही न्यायचं नाही. रॅकेटचं तोंड किंचित उघडं, म्हणजे जरासं वर बघणारं. बोटं सैल ठेवायची, चेंडू लागताना जराशी आवळायची. घट्ट धरलीत तर चेंडू उसळून काचेवर जातो, सैल असेल तर वेग तुमच्या हातात मरतो. मोरजीच्या बाजूला मी एका साठीच्या परदेशी गृहस्थांना खेळताना बघितलंय, पोट सुटलेलं, एका गुडघ्याला पट्टा, आणि समोर आमच्यातली दोन दणकट पोरं. त्यांचा हात एक वीतभरसुद्धा मागे जात नव्हता. पोरं हाणत होती, ते नुसती रॅकेट दाखवत होते, चेंडू टप्प-टप्प करत कोपऱ्यात जाऊन बसत होता, दर दोन मिनिटांनी ते शांतपणे ओव्हरग्रिपवरचा घाम शर्टाला पुसायचे आणि परत त्याच जागी. पोरं इतकी दमली की दुसऱ्या सेटमधे स्वतःच बाहेर मारायला लागली.


रविवारचा_खेळाडू

काचेमागची ताई, वाचनखूण साठवली. पण पायाशी आलेला चेंडू? माझ्या बाबतीत समोरचे दोघं दुसरं काही करतच नाहीत, हळूच पायात टाकतात आणि मी वर उचलला की पुढे येऊन मारतात.


टेनिसमास्तर

त्या हळूच पायात टाकलेल्या चेंडूला स्पॅनिश मंडळी चिकीता म्हणतात, तो मुद्दाम टाकतात, तुम्ही खालून वर उचलावं आणि तेवढ्यात त्यांनी पुढे यावं म्हणूनच. त्याला तीन उत्तरं.

सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे तो पायाशी पोचूच द्यायचा नाही. चिकीता हळू असतो, त्याला नेट ओलांडायला वेळ लागतो, तेवढ्यात एक पाऊल तिरकं पुढे टाकलं तर तो गुडघ्याच्या वरच मिळतो. बहुतेक लोक जागेवर उभे राहून त्याची वाट बघतात, आणि वाट बघितली की तो खाली जाणारच.

पोचलाच पायाशी तर कंबरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून खाली जायचं, मागचा गुडघा जवळजवळ टर्फला टेकेल इतकं. डोळे चेंडूच्या पातळीजवळ आले पाहिजेत. रॅकेट उघडी, कमी वेग, आणि दिशा मध्यावर किंवा लांबच्या कोपऱ्यात, खोल. नेट मधे ०.८८ मीटर आणि कडेला ०.९२ पर्यंत असतं, म्हणून मधून खेळलेला चेंडू सुरक्षितही आणि समोरच्या दोघांत कोणी घ्यायचा हा घोळही. इथे जोर लावायचा मोह झाला की एकतर नेटमधे नाहीतर समोरच्याच्या हातात.

आणि समोरचा चिकीतामागोमाग पुढे धावून येताना दिसला तर तिसरं उत्तर, त्याच्या डोक्यावरून लॉब. नेटवर उभं राहून व्हॉलीचा लॉब टाकणं अवघड आहे, कबूल, पण धावत पुढे येणाऱ्याला मागे वळायला फार त्रास होतो. चारी जण नेटवर आले की हाच एक चेंडू कोणाच्या लक्षात राहत नाही.

टेनिसमधून आलेल्यांना एक वेगळं सांगतो. आपल्याला व्हॉलीला खांद्यापासून हात न्यायची सवय असते. पॅडेलची रॅकेट जास्तीत जास्त ४५.५ सेंटिमीटर लांब, तारा नाहीत, नुसती भोकं असलेली जाड फळी. तिच्यात चेंडू टेनिसइतका रुतत नाही, त्यामुळे लांब स्विंगचा फायदा शून्य आणि उशीर मात्र नक्की.


मडगांवचो

पात्रांव, हें सगळें बरें, पूण अंगार येता त्याचें कितें? म्हणजे मराठीत विचारतो, परवा एकाने नेटवर माझ्या बरगडीवर असा काय मारला की आंघोळ करताना अजून आठवतोय.


काचेमागची

मडगांवचो, बर्फ लावा :) आणि दोन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, अंगावरचा चेंडू बॅकहँडनेच. उजव्या हाताने खेळणाऱ्याने रॅकेटची बॅकहँड बाजू समोर धरली की उजव्या कमरेपासून डाव्या खांद्यापर्यंत सगळं झाकलं जातं, फक्त कोपर थोडं वर न्यायचं आणि मनगट खाली. फोरहँडने तोच चेंडू घ्यायला गेलात तर कोपर पोटात अडकतं, चेंडू रॅकेटच्या दांड्याला किंवा बोटांना लागतो. म्हणून नेटवर उभं राहताना रॅकेट अगदी मधे न धरता जराशी बॅकहँडकडे झुकलेली बरी. शरीर चेंडूच्या रेषेतून अर्धं पाऊल बाजूला निघालं तर अजून छान.

दुसरी, सगळे चेंडू घ्यायचे नसतात! काचेपासून हाणलेला, खांद्याच्या वरून सपाट जाणारा चेंडू बऱ्याचदा टप्पा न पडता सरळ मागच्या काचेवर जातो आणि तो त्यांचा फॉल्ट. पण टप्पा पडायच्या आधी तो तुमच्या अंगाला किंवा कपड्याला लागला की पॉइंट त्यांचा, मग तो दहा फूट बाहेर का जात असेना. तेव्हा खाली बसा. वाकायला लाज वाटू देऊ नका.

डोळ्यांना मार लागू नये म्हणून चष्मा घालणारे घालतात, त्यांना कोणी हसू नये. तीन मीटरवर उभं राहून समोरून चेंडू येत असतो.


डावखुरा_डिचोली

मी डावरा. सगळे मला उजव्या बाजूला उभं करतात, तापिया आणि कोएयोचं उदाहरण देतात, कोएयो डावरा म्हणून उजवीकडे आणि तापिया डावीकडे, दोघांचे फोरहँड मधे. बरोबर आहे, पण ते दोघं जगातले पहिल्या नंबरचे, आणि माझा पार्टनर वास्कोहून ट्रॅफिकमधून वैतागून आलेला असतो. मधला चेंडू आला की आम्ही दोघंही फोरहँड काढतो आणि रॅकेटवर रॅकेट. मधला कोणाचा?


टेनिसमास्तर

डावखुरा, मधला चेंडू कोणाचा हे फोरहँडवरून ठरवू नका, चेंडू कुठून येतोय त्यावरून ठरवा. समोरच्याचा चेंडू तुमच्या बरोबर समोरच्या कोपऱ्यात असेल तर तुमच्यावर कडेच्या काचेलगतच्या सरळ चेंडूची जबाबदारी, आणि मध्य तुमच्या पार्टनरचा, कारण तो तिरका आहे आणि मधून येणारा चेंडू त्याच्याकडे येत असतो, तुमच्यापासून लांब जात असतो. चेंडू समोर इकडून तिकडे गेला की कामं बदलतात. त्यासाठी दोघांनी चेंडूच्या बाजूला एकत्र सरकायचं, पार्टनर दोन पावलं गेला की तुम्ही दोन पावलं. मग लांबचा कडेचा कोपरा उघडा राहतो, राहू द्या, तिथे तिरका आणि बारीक चेंडू टाकणं सगळ्यात अवघड असतं, टाकला तर टाळ्या वाजवा.

दोघंही उजवे असतील तर हळू आलेला मधला चेंडू डावीकडच्याने घ्यावा हा जुना रिवाज ठीकच आहे, त्याचा फोरहँड तिथे असतो. तुमच्या जोडीत तोही प्रश्न नाही, दोघांचे फोरहँड मधेच. तुमची खरी अडचण दुसरी आहे, तुम्हा दोघांचे बॅकहँड काचेकडे आहेत, आणि हुशार जोडी तुम्हाला काचेलगतच खेळवेल. बॅकहँडचा ब्लॉक तुमच्या दोघांचाही चांगला हवा, मधल्या फोरहँडपेक्षा त्यावर मेहनत घ्या.


डावखुरा_डिचोली

अरे देवा, म्हणूनच ते सारखे काचेकडे टाकतात होय. धन्यवाद मास्तर.


मांडवीपल्याड

आता लॉबवर या कोणीतरी, त्याच्यावरून आमचं भांडण आहे. माझं मत असं की लॉब आला की सोडून द्यायचा, काचेतून घ्यायचा. आमचा दुसरा म्हणतो काय वाट्टेल ते करून हवेतच घ्यायचा.


काचेमागची

दोघंही अर्धे बरोबर. लॉब सोडला की नेट गेलं, समोरचे दोघं चालत येऊन तुमच्या जागेवर उभे राहतात. म्हणून घेता येईल तो हवेतच घ्यायचा, पण मारायचा नाही, बांदेहा (डोक्याच्या उंचीला कापून, अर्ध्या जोराने खेळलेला फटका) खेळायचा. टीव्हीवर बघून सगळ्यांना स्मॅश आवडतो, तीन मीटरच्या जाळीवरून बाहेर घालवलेला वगैरे, पण नेट राखणारा खरा चेंडू बांदेहा. लॉब सुटला की लगेच कडेला वळायचं, डावा हात वर चेंडूकडे, तिरकी पावलं टाकत मागे जायचं, उलट्या पावलांनी अजिबात नाही, उलटं पळणारे मनगटावर पडतात आणि मग दोन महिने घरी. चेंडू डोक्याच्या मागे जाऊ न देता जरा समोर आणि बाजूला, साधारण डोक्याच्या उंचीला घ्यायचा, रॅकेट वरून खाली आणि पुढे कापत जाते, अर्ध्या जोराने. कोपऱ्यात, खोल. असा कापलेला चेंडू काचेतून वर येत नाही. आणि खेळून झाल्याझाल्या पुढे, परत नेटवर. बांदेहा मारून तिथेच उभं राहून कौतुक बघत बसलात तर तो खेळला काय आणि न खेळला काय.

आता सोडायचा कधी? सर्व्हिस लाइन ओलांडून मागे जावं लागतंय आणि चेंडू अजून डोक्यावरूनच चाललाय, तर सोडा, वळा, काचेतून येऊ द्या आणि उंच लॉब टाकून परत पुढे यायची तयारी करा. सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट, लाइनवर थबकून अर्धा हवेत अर्धा मागे वाकून खेळलेला. आणि निर्णय तोंडाने बोलायचा. "माझा", "सोड", "बदल" एवढे तीन शब्द पुरतात. पार्टनर मागे गेला तर तुम्ही पण मागे. एक नेटवर आणि एक काचेपाशी असे उभे राहिलात तर मधे भलंमोठं भगदाड, समोरचा आंधळा असला तरी तिथेच टाकेल.

डोक्यावरचा चेंडू बहुतेक जोड्यांत डावीकडचा जास्त घेतो, मधला असेल तर त्याचाच. हे सामन्याआधी ठरवून ठेवा म्हणजे बोलाचाली चालू राहील.


शटलवाला

बॅडमिंटनवाल्यांना स्मॅशपासून परावृत्त करण्याचा हा कट आहे. मनगट वापरायचंच नाही काय मग?


टेनिसमास्तर

मनगटाने पॅडेलमधे डोक्यावरच्या चेंडूला थोडं काम आहे, व्हॉलीला नाही. शटल ४.७४ ते ५.५० ग्रॅमचं असतं, पॅडेलचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅम. ब्लॉक करताना मनगट झटकलंत तर रॅकेटचं तोंड कुठे बघतंय हे तुम्हालाच कळणार नाही, आणि कोपर दुखायला लागलं तर डॉक्टरकडे. बॅडमिंटनवाल्यांचं एक मात्र जबरदस्त, तुमची रॅकेट कायम वर असते आणि नजर लवकर उचलते. नेटवरच्या बचावात त्याचे पैसे वसूल करा.

आणि समोरच्या स्मॅशबद्दल कोणी बोललं नाही. तुमच्या जोडीचा लॉब तोकडा पडला आणि समोरचा नेटजवळून स्मॅश मारतोय, तेव्हा मागे काचेपाशी पोचायला वेळ असेल तर जा. वेळ नसेल तर पाठ फिरवून पळू नका, आहात तिथे थांबा, रुंद पाय, रॅकेट गुडघ्याच्या आसपास खाली, कारण येणार तो पायातच. उलट तो पूर्ण जोराने मारत असेल, तर चेंडू तुमच्या टर्फवर आपटून काचेवरून उसळून परत नेटकडे येतो, त्यांच्या कोर्टातही जाऊ शकतो. अशा वेळी तुमच्यातल्या एकाने पुढे नेटकडे पळायचं, मागे नाही. टप्पा तुमच्याकडे पडून चेंडू परत त्यांच्या बाजूला गेला असेल तर नेटवरून हात पलीकडे नेऊन मारलेला नियमात बसतो. नेटला मात्र अंग, कपडा, रॅकेट काहीही लागता कामा नये. एरवी साध्या व्हॉलीला पलीकडे जाऊन चेंडू घेता येत नाही, आपल्या बाजूला लागला पाहिजे, मग रॅकेट पुढे गेली तर चालते.


उगाच_आलो

नेटवरून हात पलीकडे??? मागच्या रविवारी आम्ही एकाला यावरून पॉइंट नाकारला. तो अजून व्हॉट्सॅप ग्रुपवर नाही आलेला परत. त्याला हा धागा पाठवतो.


रविवारचा_खेळाडू

सराव कसा करायचा तेही सांगा ना कोणीतरी, स्लॉट महाग आहेत, नुसतं सामने खेळून सुधारत नाही असं दिसतंय.


काचेमागची

एकच सांगते, बाकी यूट्यूबवर ढीग आहे. दोघं नेटवर, दोघं मागे. मागच्यांनी पाहिजे ते करायचं, पायात, अंगावर, लॉब, सगळं. नेटवरच्यांना पॉइंट मारायला बंदी. त्यांनी फक्त सर्व्हिस लाइनच्या मागे टाकत राहायचं आणि नेट सोडायचं नाही, नेट सोडलं की अदलाबदल. पहिल्या दिवशी सगळ्यांना कंटाळा येतो, विशेषतः पुरुषांना :) पण यात आपोआप हात आखडता होतो, पाय हलायला लागतात आणि पार्टनरशी बोलायची सवय लागते.

बघायचं असेल तर फेदे चिंगोत्तोचे सामने बघा, गालानबरोबर खेळतो तो. उंची बेताची, पण जागा कशी घेतो ते बघण्यासारखं. आणि जुने हवे असतील तर बेलास्तेगीन, सलग १६ वर्षं जगात पहिला, २०२४ मधे थांबला. त्याच्या व्हॉलीत दाखवण्याजोगं काही नसतं, म्हणूनच दोनदा बघा.


मांडवीपल्याड

आपल्या हवेचं पण बोलायला हवं. उघड्या कोर्टवर डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊनंतर काचेवर दव धरतं, टर्फ ओलं, चेंडू जड. त्या वेळी काचेला लागलेला चेंडू उसळत नाही, घसरून खाली येतो. नेटवाल्याची चंगळ, हळू आणि खोल टाकलेला चेंडू अक्षरशः उचलता येत नाही. लॉबही तोकडे पडतात म्हणून मी अर्धं पाऊल पुढे उभा राहतो. उलट एप्रिल-मेच्या दुपारी चेंडू टणाटण उडतो, लॉब खोल जातात, स्मॅश बाहेर निघतात, तेव्हा अर्धं पाऊल मागे. आणि मे महिन्याचा घाम, बाप रे. मनगटाचा पट्टा नियमानेच बंधनकारक आहे पण तो नुसता अडकवून ठेवू नका, नीट घट्ट करा, ब्लॉक करताना सैल बोटांतून रॅकेट सुटून पार्टनरच्या नडगीवर गेलेली मी बघितलीय.

समुद्राजवळच्या कोर्टांवर जाळीच्या तारा गंजून टोकं बाहेर आलेली असतात, कडेच्या चेंडूमागे हात घालताना जपून. तक्रार केली तर "बघतो" म्हणतात.


मडगांवचो

पावसात काय, आमच्याकडे तर छप्पर नाही, चार महिने नुसता हा धागा वाचायचा.


शटलवाला

वाचला सगळा. पटलं नाही. शनिवारी संध्याकाळी सातला पर्वरीच्या बाजूला या, आम्ही दोघं मारणार, तुम्ही दोघं राखा तुमची खिडकी. हरणाऱ्याने कोर्टाचं भाडं आणि नंतरचं रोस आमलेट.


मांडवीपल्याड

चालेल. काचेमागची ताई, तुम्ही आमच्याकडून. चेंडूचा डबा नवा आणा म्हणावं, हवा गेलेल्या चेंडूंवर जिंकलो तर हे परत इथे येऊन लिहीत बसतील.


काचेमागची

येते. मी उजवीकडे उभी राहीन, लॉब तुमचे.